धुऱ्यापल्याडचा झेंडा

ताई, तुमच्या नावानं धुऱ्याले भोक पाडायचं ठरून राहिलं.

अजून तुमची तेरवी नाई झाली. शोकसभेतच विषय निघाला. टेबलावर तुमचा फोटो, त्याले मोगऱ्याचा हार, अन् फोटोत तुम्ही अशा पाहून राहिल्या होत्या, जशा कोणी उताराच्या उलट पाइप टाकला का पाहायच्या. गोल्फ क्लबचे अध्यक्ष साहेब बोलाले उभे राहिले. खरंच रडून राहिले होते, बरं का. मी त्यायची नक्कल किती वर्षांपासून करतो, त्यायचं खोटं रडणं मले पाठ आहे. हे ते नोहोतं. नाक पुसून म्हणे, "ताईची आठवण कायमची राहिली पाहिजे. सातव्या होलवर तो जो धुरा आहे, त्याले मधातून कापू. दोन्हीकडून लाल दगड, वर कमान, कमानीवर ताईचं नाव. आठवण बी राहीन अन् पल्याडचा झेंडा बी दिसन."

टाळ्या वाजल्या, बाप्पा. शोकसभेत.

मंग साहेब माह्याकडे वळले. "पंकज, नकाशा तूच काढ. तुले तं पहिल्यापासून हेच पाहिजे होतं."

खोटं नाई ते. तुमच्याशी मी सगळ्यात जास्त भांडलो ते याच भोकासाठी. अन् आता भांडाले समोर कोणी नाई, म्हणून मी जिंकलो. अशी जीत घेऊन माणसानं कुठं जायचं, तुम्हीच सांगा.

वाचणाऱ्यायले काई माहीत नसन, म्हणून थोडं सांगतो. तुम्ही नवीनच ऐकल्यासारखं करा. तुम्ही गोल्फची मैदानं बनवत होत्या. गोल्फचं मैदान कोणी 'बनवते' हेच मले माहीत नोहोतं. सावनेरच्या शाळेत आम्ही जे मैदान पाहिलं, त्याच्यावर सकाळी कवायत, दुपारी बकऱ्या. मले वाटे, गवत आपोआप वाढते, साहेब लोक येतात, काठी मारतात अन् नाश्ता करतात. सिव्हिलचा डिप्लोमा करून रामटेकच्या रस्त्यावर तुमच्या साइटवर लागलो तवा मी घरी सांगतलं, "बगीच्याचं काम आहे." आईनं विचारलं, "कोणता बगीचा?" मी म्हटलं, "ज्यात फुलं नाईत तो."

पहिल्याच हप्त्यात तुमच्या हाती सापडलो. जेवणाच्या सुट्टीत पोट्ट्यायले गोळा करून नकला चालू होत्या. डोझर मागं येते तो आवाज झाला, अध्यक्ष साहेबाचा खोकला झाला, मंग तुमची पाळी आली. हात कमरेवर, मान तिरपी, "हे कोणी सपाट केलं गा? कोणाच्या बापानं सांगतलं?" सगळे हसता हसता एकदम चूप झाले. मी मागं पाहिलं. तुम्ही.

मले वाटलं, गेली नोकरी. तुम्ही माही हनुवटी धरली अन् आणखी तिरपी केली. म्हणाल्या, "एवढी. मी डाव्या डोळ्यानं उतार पाहते." मंग जाता जाता, "उद्यापासून माझ्यासोबत चाल, नकल्या. तुले माणसाचे उतार-चढाव दिसतात, जमिनीचेही दिसतील."

त्या दिवसापासून माहं नाव नकल्या.

आता धुऱ्याची गोष्ट. त्या जागेवर आधी धानाच्या बांध्या होत्या. अन् बरोबर मधात बाबाराव अन् तुळशीराम या दोन सख्ख्या भावायची वावरं. दोघायच्या मधात धुरा. शेताच्या हद्दीची मातीची पाळ, पण ही साधी नोहोती. आजा-पणजापासून दोन्हीकडचे गोटे, चिखल, मुळं, सगळं तिच्यावर फेकलेलं. पुरुषभर उंच. तिच्यावर बोरीचं झुडूप. दोघा भावायचं एकमेकाशी बोलणं बंद. जमीन इकल्यावर दोघंही क्लबातच गवत कापाले लागले, तरी बोलत नोहोते. एक इकडून मले सांगे, "त्याले म्हना, मशीन हळू चालव." दुसरा तिकडून, "त्याले म्हना, कान हायत मले." दोघायच्या मधात अंतर किती? हातभर. मी आपला टेलिफोन.

ठेकेदाराचा डोझर धुरा सपाट कराले आला तवा तुम्ही पाण्याची बाटली टाकून धावल्या होत्या. डोझरसमोर उभ्या. मंग धुऱ्याच्या समोर, बरंच दूर, ओल्या मातीत सरळ पोटावर आडव्या झाल्या. एवढ्या शिकलेल्या बाई, गांधीबागच्या कापड दुकानदाराची पोरगी, डोक्यावर टोपी, अन् चिखलात पालथी. मजुरायनं पाहून तोंड फिरवलं, का बाईले काई झालं असन.

"पड इथं," तुम्ही म्हणाल्या.

मी पडलो.

"काय दिसते?"

"धुरा."

"मागं काय दिसते?"

"मागं काईच नाई दिसत."

"डोळा धुऱ्यावर थांबला. मन कुठं आहे तुझं?"

मी खरंच पाहिलं, मन कुठं आहे ते. "पल्याड गेलं," म्हटलं.

"झाला होल," तुम्ही म्हणाल्या अन् उठून पँट झटकली.

ताई, मी तिथंच पडून राहिलो होतो. तुमाले वाटलं, आळशी आहे. मले उठताच येत नोहोतं. रोजचा धुरा. असे धुरे मी शाळेत जाता-येता ओलांडले, त्यायच्यावर बसून बोरं खाल्ली, दप्तर फेकलं. अन् तुम्ही एका वाक्यात त्याच्या मागं काई तरी ठेवून देल्लं. काय ठेवलं ते मले अजून माहीत नाई. पण तवापासून मी कोणताही धुरा पाहतो तं पल्याड पाहावंसं वाटते.

तुम्ही ठरवलं, ज्या खड्ड्यात बॉल घालायचा तो अन् त्याचा झेंडा धुऱ्याच्या पल्याड ठेवायचा. बॉल मारणाऱ्याले फक्त धुरा दिसन. अंदाजानं, विश्वासानं, वरून मारायचा. पोहोचला तं पोहोचला, नाई तं धुऱ्याले आपटून वापस.

मी तिथूनच भांडाले लागलो. "ताई, लोक दूरदूरून येतीन अन् त्यायले झेंडाच दिसणार नाई? ही बेइमानी आहे."

"बेइमानी नाही गा. भीती आहे. ठेच्यात मिरची असते तेवढी."

"ठेच्यात मिरचीच असते, ताई."

"मग तेवढीच."

तुमचं म्हणणं होतं, बाकीचे सगळे होल मऊ ठेवले, नीट ठेवले, माणसाले सांभाळून नेलं. पण एका जागी हिंमत पाहिजे. बनवणाऱ्याची आधी, खेळणाऱ्याची नंतर. तुम्ही तुमच्या बाबाची गोष्ट सांगत होत्या. दुकानात बाई आली का ते एकामागं एक फिक्के रंग दाखवत. बदामी, मोतिया, आकाशी. बाईचे डोळे जड व्हायले लागले का मंग एकदम एक ठाण गादीवर असं फेकत का ते दारापर्यंत उलगडत जाय. लालभडक. "ती बाई लाल घ्यायची नाही रे," तुम्ही म्हणत, "बदामीच घेऊन जायची. पण घरी जाऊन सांगायची त्या लालचंच." मंग धुऱ्याकडे बोट. "लोक इथं शिव्या देतील. देऊ दे. ज्या मैदानात शिव्या द्यायला एक जागा नाही, ते मैदान लोक गाडीत बसेपर्यंत विसरतात."

ऐकाले लय भारी वाटे. पण मी धुऱ्याच्या गावचा माणूस. मी म्हटलं, "ताई, तुमच्यासाठी हे डिझाइन आहे. आमच्याकडे धुऱ्यापायी डोकी फुटली. सख्खा भाऊ भावाच्या लग्नात जात नाई. तुम्ही भांडण उचलून शोकेसमधी ठेवून राहिल्या. मधात एक झरोका पाडा, बैलगाडी जाईन एवढा. झेंडा दिसन, अन् हे दोन म्हातारे तरी एकमेकाले दिसतीन."

तुम्ही धुऱ्याकडे पाहिलं. मंग म्हणाल्या, "भोक पाडलं की धुरा मेला. तो दरवाजा होतो. दरवाज्यातून माणूस नीट खांदे सावरून जातो. मला तो धापा टाकत वर चढलेला पाहिजे."

"अन् बाबाराव-तुळशीराम?"

"ते माझ्यानं होणार नाही, पंकज. मी मैदान बनवते."

तुम्ही मले पंकज म्हटलं म्हणजे वाद मोठा झाला हे मले कळे.

मंग ती भानगड झाली. मैदान चालू झालं, एक-दोन पावसाळे गेले, अन् माह्या ध्यानात आलं का धुरा बारीक होऊन राहिला. दोन्ही बाजूनं. पहिले कसा पोट सुटलेल्या माणसासारखा पसरून होता, आता उभा, ताठ, भिंतीसारखा. मी लपून पाहिलं. बाबाराव आपल्या बाजूचं गवत कापून झालं का फावडं घे अन् धुऱ्याची दोन बोटं माती तासे. तो गेला का तिकडून तुळशीराम. तोही दोन बोटं. शेतकऱ्याची जुनी खोड. पेरणीच्या आधी धुरा जरासा तासला का तेवढंच वावर वाढते.

मी तुमाले बोलावून आणलं. म्हटलं, आता बाई या दोघायले झापते अन् मले मजा येते.

तुम्ही टोपी काढली. धुऱ्यासमोर टोपी हातात घेऊन उभ्या. सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं, फावड्याचा एक एक वार धुऱ्यावर दिसत होता, खालपासून वरपर्यंत, जसे मासोळीचे खवले. अन् वरती तो जरासा समोर झुकलेला, पडतो पडतो म्हणून राहिला पण पडत नाई. मी तुमच्याकडे पाहिलं तं तुमचं तोंड उघडं. लहान पोरीसारखं.

"मी काढला असता तर असा काढला नसता," तुम्ही हळूच म्हणाल्या. "मला एवढी हिंमत झालीच नसती."

मंग बाबारावले विचारलं, "काहून तासता गा? वावर तर विकलं."

"सवय हाय बाई. हात आपोआप जाते."

धुऱ्याच्या पल्याडून आवाज आला, "त्यानं तासलं म्हनून मीनं तासलं."

"अन् ती वाढलेली जमीन कोणाची झाली?"

दोन्हीकडची फावडी खाली टेकली. तुम्ही जे हसल्या, ताई! गवतावर बसून हसल्या, डोळ्याले पाणी. मी पण हसलो. बाबाराव पण. अन् पल्याड कोणी तरी खोकल्यासारखं केलं, ते तुळशीरामचं हसणं असन असं मी धरून चालतो.

नंतर तुम्ही धुऱ्याच्या माथ्यावर वाळा लावला. म्हणाल्या, याची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. दोघा भावायले ताकीद देल्ली, आता माती नाई, फक्त गवतच तासायचं. दोघायले एकाच वेळी राग आला. एकाच गोष्टीचा. मी म्हटलं, चला, सुरुवात तं झाली.

पण ज्याच्यासाठी हे लिहून राहिलो ती गोष्ट वेगळी आहे. ती तुमाले मी कधी सांगतली नाई.

मैदान उघडलं त्या दिवशी पहिली मंडळी सातव्या होलवर आली. आपण दोघं बाजूच्या पळसाखाली उभे. सगळे धुऱ्याकडे पाहून कुरकुर करून राहिले होते, कोणी म्हणे हे काय, कोणी म्हणे झेंडा कुठं ठेवला. एक जण होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मोठा कारखानदार माणूस. त्यानं मारला. बॉल वर गेला, धुऱ्याच्या डोक्यावरून गेला अन् गायब झाला.

टिटवी पण चूप.

अन् मंग तो माणूस पळाला, ताई! काठी फेकून पळाला. त्याच्यामागं बाकीचे पळाले. धुऱ्यावर चढताना एकाचा बूट निसटला, तो एका मोज्यावर चढला. वर पोहोचून सगळे एका रांगेत उभे, पल्याड पाहून राहिले, अन् एकदम ओरडले. बॉल झेंड्याजवळ होता का नोहोता, मले आजपर्यंत माहीत नाई. कारण मी त्या लोकायच्या पाठी पाहून राहिलो होतो. पाठीच सांगत होत्या.

तुम्ही म्हणाल्या, "पाहा नकल्या. आतापर्यंत फिरून राहिले होते. आता खेळून राहिले."

मी म्हटलं, "हो, पण झरोका असता तं बूट वाचला असता."

तुम्ही चापट मारली डोक्यात.

सांगायचं राहिलं ते हे. त्याच मिनिटाले मी हरलो होतो. बॉल गायब झाला तवा मी पण टाचा उंच करून पल्याड पाहाले लागलो होतो. माती, माती अन् थोडं गवत, अन् एका बाईनं ते तिथंच राहू देल्लं, बस एवढंच. अन् त्यानं मोठमोठी माणसं पोरं झाली. त्याच्यानंतर झरोक्यासाठी जेवढा भांडलो, तो खोटा भांडलो. नक्कल होती ती, माहीच. तुम्ही भांडताना एवढं सुंदर बोलत होत्या का मले ते थांबवायचं नोहोतं.

दवाखान्यात शेवटी भेटलो तवाही तेच. तुमचा आवाज बारीक झाला होता. विचारलं, "शिव्या देतात का अजून?" मी म्हटलं, "रोज." तुम्ही समाधानानं डोळे मिटले. मले वाटलं, आता सांगावं खरं. अन् तोंडातून निघालं काय? "ताई, एक छोटासा झरोका..." तुम्ही डोळे न उघडता बोट वर केलं. बोलणार होत्या काई तरी. तेवढ्यात सिस्टर आली अन् मले बाहेर काढलं. ते वाक्य तुमच्याकडेच राहिलं.

आज सकाळी कमिटी धुऱ्यावर आली. जेसीबी येऊन उभा. बाबारावच्या हातात चुन्याच्या फक्कीची घमेली देल्ली, का कमानीएवढी जागा पांढरी आखून टाक. अध्यक्ष साहेबानं माह्यापुढे हात केला, "नकाशा?"

"नाई काढला."

"काहून?"

"नाई काढणार, साहेब."

"अरे, तुहीच आयडिया होती ना बे?"

"माहीच होती. म्हणून तं छाती ठोकून सांगतो, बेकार होती."

साहेब चिडले नाई. चिडले असते तं बरं झालं असतं. माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "मंग मी काय करू रे तिच्यासाठी? काई तरी करावं वाटते ना."

तेवढ्यात बाबारावनं फक्कीची घमेली खाली ठेवली अन् धुऱ्यावर चढून बसला. "धुरा माहा हाय," म्हणे.

पल्याडून तुळशीराम चढला. त्याच्यापासून हातभर दूर बसला. "त्याचा काहून? माहा हाय."

साहेब म्हणे, "बाबा हो, जमीन क्लबची आहे. दोघायनं सह्या केल्या."

"जमीन तुमची," बाबाराव म्हणे.

"धुरा नाई," तुळशीराम म्हणे.

दोघायनं एकमेकाकडे पाहिलं नाई. पण ताई, ते एकच वाक्य होतं. दोघायनं मिळून बोललेलं. मी टेलिफोन आहे ना त्यायचा, मले कळते.

जेसीबीवाल्या पोट्ट्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरून म्हणे, "साहेब, दोन भावायच्या धुऱ्यावर मी मशीन नाई घालत. माहा बाप घरात नाई घेणार मले." साहेबही शेतकऱ्याच्याच घरचे. डोक्यावरून हात फिरवून हळूच म्हणे, "मंग ताईचं नाव कुठं लिहू, पंकज?"

"लिहू नका," मी म्हटलं. "खेळा."

तवा मले आठवलं, साहेब हा होल कधी खेळतच नाईत. इथं आले का त्यायचा पाय दुखते, गाडीत बसून बाजूनं पुढे जातात. मी काठी त्यायच्या हातात देल्ली. कमिटीसमोर नाई म्हणता येईना. बरंच मागं जाऊन त्यायनं बॉल ठेवला, मारला. बॉल दोघा भावायच्या खाली धुऱ्याले आपटला अन् गडगडत वापस येऊन साहेबाच्या बुटाले लागला.

कोणी हसलं नाई. हसावं का नाई, कोणाले समजलंच नाई.

साहेब बॉलकडे पाहत राहिले, मंग धुऱ्याकडे. मंग दात-ओठ खाऊन म्हणे, "काय बाई होती बे ही!"

अन् खिशातून दुसरा बॉल काढला. "सरका रे तिथून दोघंबी."

बाबाराव इकडे उतरला, तुळशीराम तिकडे. धुरा रिकामा झाला. साहेबानं पाय रोवले, अन् जिथं काईच दिसत नोहोतं तिकडे पाहून काठी उचलली.